स्ट्रीमिंग बॉक्सचे बिनतारी संकेत : काय बंद होते, काय चालूच राहते

टीव्हीच्या एचडीएमआय पोर्टात खोचलेली स्टिक असो वा टीव्हीखाली ठेवलेला छोटा बॉक्स, आजचे स्ट्रीमिंग उपकरण एकाच वेळी दोन-तीन तऱ्हेच्या रेडिओ लहरी सोडत असते. राउटरशी बोलणारे वाय-फाय सर्वांना ठाऊक असते. त्याच्या जोडीला रिमोटसाठी ब्लूटूथ असते. काही कंपन्यांची उपकरणे रिमोटसाठी किंवा फोनचा पडदा टीव्हीवर दाखवण्यासाठी स्वतःचे वेगळे वाय-फाय जाळे उभे करतात. याला वाय-फाय डायरेक्ट म्हणतात. २०२१ चा ॲपल टीव्ही ४के आणि २०२४ चा गूगल टीव्ही स्ट्रीमर यांसारख्या बॉक्समध्ये घरातले दिवे, कुलपे आणि सेन्सर जोडण्यासाठी थ्रेड नावाचा आणखी एक रेडिओही आहे. लॅनची केबल लावली की बॉक्स ‘तारेवर’ गेला आणि लहरी संपल्या, असा समज सर्रास आढळतो. प्रत्यक्षात केबलमुळे फक्त राउटरकडे जाणारी बिनतारी वाहतूक थांबते. बाकीचे रेडिओ आपापले काम करत राहतात.

म्हणून ‘बिनतारी बंद करणे’ या एका शब्दप्रयोगात तीन वेगळ्या गोष्टी येतात. उपकरणाने राउटरच्या वाय-फायला न जोडणे, ही पहिली. उपकरणाने स्वतःचे जाळे जाहीर न करणे, ही दुसरी. रेडिओचा प्रक्षेपकच पूर्ण गप्प होणे, ही तिसरी आणि सर्वांत अवघड. कोणत्या पायरीपर्यंत जावे हे कारणावर अवलंबून असते. कारण न ठरवता सेटिंगमधले दिसेल ते बटण बंद करणाऱ्याच्या हाती बहुतेक वेळा न चालणारा रिमोटच उरतो.

सर्वांत रास्त कारण गर्दीचे आहे. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा भारतात जानेवारी २००५ मध्ये परवानामुक्त झाला. त्याची रुंदी जेमतेम ८३.५ मेगाहर्ट्झ आहे. एका वाय-फाय चॅनेलला सुमारे २० मेगाहर्ट्झ लागतात, त्यामुळे एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच धरले जातात : १, ६ आणि ११. मुंबई-पुण्यातल्या बहुमजली इमारतीत फोनवर वाय-फायची यादी उघडली की शेजारच्या, वरच्या आणि खालच्या घरांची पंधरा-वीस नावे सहज दिसतात. त्यांतली बरीचशी याच तीन चॅनेलांत दाटीने बसलेली असतात. ब्लूटूथही याच पट्ट्यात चालते आणि थ्रेडही.

वाय-फायचे प्रत्येक जाळे आपले नाव सेकंदाला जवळजवळ दहा वेळा पुकारते. दोन पुकारांमधले ठरावीक अंतर १०२.४ मिलिसेकंदांचे असते. या पुकाराला बीकन म्हणतात. कुणी काही पाहत नसले तरी तो चालू असतो, आणि नाव लपवलेले असले तरीही चालूच असतो. लपवलेल्या जाळ्याच्या बीकनमध्ये नावाची जागा फक्त रिकामी असते. जुन्या पद्धतीने चालणारा राउटर बीकन १ मेगाबिट प्रति सेकंद या सर्वांत संथ वेगाने पाठवतो. तीनशे बाइटचा एक बीकन त्या वेगाने सुमारे अडीच मिलिसेकंद हवा अडवतो, म्हणजे एकटे रिकामे जाळे चॅनेलचा सुमारे अडीच टक्के वेळ खाते. वाय-फाय डायरेक्टच्या नियमांत मात्र हे जुने संथ वेग वर्ज्य आहेत. तिथे बीकन किमान ६ मेगाबिटने जातो आणि तोच तीनशे बाइटचा पुकार अर्ध्या मिलिसेकंदाच्या आत आटोपतो. स्ट्रीमिंग बॉक्सने उभे केलेले ‘DIRECT-’ अशा रोमन अक्षरांनी सुरू होणारे जाळे यादीत डोळ्यांना खुपते, पण चॅनेलचा अर्धा टक्का वेळही घेत नाही.

खरा भार चित्रवाहतुकीचा असतो. नेटफ्लिक्स ४के चित्रासाठी १५ मेगाबिट प्रति सेकंद किंवा त्याहून अधिक वेग सुचवते. राउटर दुसऱ्या खोलीत असेल, मध्ये भिंती असतील आणि २.४ गिगाहर्ट्झवर प्रत्यक्ष २०-२५ मेगाबिटच मिळत असतील, तर एक चित्रपट त्या चॅनेलचा निम्म्याहून अधिक वेळ गिळतो. तो केबलवर हलवला की घरातल्या इतर फोनांना आणि शेजाऱ्यांनाही लगेच श्वास घेता येतो. गर्दी हेच कारण असेल तर पहिली पायरी, म्हणजे राउटरशी असलेले वाय-फाय सोडून केबल लावणे, जवळपास सगळा फायदा मिळवून देते. उरलेल्या पायऱ्यांतून फारसे काही हाती लागत नाही. केबल ओढता येत नसेल तर उपकरण ५ गिगाहर्ट्झवर नेणे हा त्याखालोखालचा उपाय आहे. भारताने ऑक्टोबर २०१८ मध्ये या पट्ट्यातले एकूण ६०५ मेगाहर्ट्झ परवानामुक्त केले. तिथे जागा मुबलक आहे, आणि भिंतींमुळे लहरी लवकर क्षीण होत असल्याने शेजाऱ्यांचा त्रासही कमी पोहोचतो.

दुसरे कारण सुरक्षिततेचे. २०१४ मध्ये बिशप फॉक्स या सुरक्षा-सल्लागार संस्थेच्या डॅन पेट्रो यांनी रिकमोट नावाचे एक छोटे यंत्र दाखवले. ते क्रोमकास्टला वाय-फायवरून सुटण्याचा खोटा आदेश पाठवत असे. राउटरशी नाते तुटलेला क्रोमकास्ट पुन्हा पहिल्या जोडणीच्या अवस्थेत जाई, स्वतःचे उघडे जाळे सुरू करी आणि जवळ उभा असलेला कोणीही त्यावर हवे ते चित्र लावू शके. हा हल्ला शक्य झाला तो वाय-फायच्या नियंत्रण-संदेशांवर सही-शिक्क्याची सोय सक्तीची नसल्यामुळे. ती सोय २००९ च्या ८०२.११डब्ल्यू मानकाने आणली आणि २०१८ मध्ये आलेल्या डब्ल्यूपीए३ ने सक्तीची केली. अशा हल्ल्यावर केबल आणि बंद वाय-फाय हा नेमका उतारा आहे.

सगळे धोके हवेतून येत नाहीत, हे मात्र ध्यानात ठेवायला हवे. जानेवारी २०१९ मध्ये जगभरातल्या हजारो क्रोमकास्टवर एका यूट्यूब वाहिनीची जाहिरात अचानक झळकली. त्यामागे वाय-फायचा दोष नव्हता. यूपीएनपी या सोयीमुळे अनेक राउटरांनी उपकरणाचे पोर्ट थेट इंटरनेटवर उघडे टाकले होते. केबल लावलेले क्रोमकास्टही तितकेच उघडे होते. पाळतीचेही तसेच. २०१९ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी सहलेखकांसह रोकू आणि ॲमेझॉन फायर टीव्ही यांवरची प्रत्येकी हजार ॲप तपासली. रोकूवरच्या ६९ टक्के आणि फायर टीव्हीवरच्या ८९ टक्के ॲपमध्ये पाळत ठेवणाऱ्या कंपन्यांशी होणारी देवाणघेवाण आढळली. ही माहिती तारेतूनही तितक्याच सुखाने जाते. तिच्यासाठी राउटरवरची गाळणी आणि उपकरणातली जाहिरात-ओळख बंद करणे हे वेगळे उपाय आहेत. बिनतारी बंद करून खासगीपणा मिळाला असे मानणे ही फसगत आहे.

तिसरे कारण आरोग्याच्या काळजीचे. ही काळजी अनेक घरांत प्रामाणिकपणे व्यक्त होते, तेव्हा तिला आकड्यांनीच उत्तर देणे योग्य. आंतरराष्ट्रीय अनायनकारी प्रारण संरक्षण आयोगाने या लहरींसाठी सर्वसामान्य माणसांकरिता दर चौरस मीटरला १० वॅट ही मर्यादा घातली आहे. भारताने मोबाइल मनोऱ्यांसाठी १ सप्टेंबर २०१२ पासून तिचा दहावा हिस्सा, म्हणजे १ वॅट, ही अधिक कडक मर्यादा लावली. एखादा बॉक्स १०० मिलिवॅट इतक्या ताकदीने अखंड प्रक्षेपण करतो असे धरले, तरी ३ मीटरवरच्या सोफ्यापाशी दर चौरस मीटरला एक मिलिवॅटपेक्षा कमी ऊर्जा पोहोचते. भारताच्या कडक मर्यादेचा हा हजारावा हिस्साही नाही. शिवाय चित्रपट पाहताना बॉक्स बहुतांश वेळ ऐकत असतो. बोलतो तो थोडा वेळ, ‘पुढचा तुकडा पाठव’ आणि ‘मिळाला’ एवढे सांगण्यापुरता. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०११ मध्ये रेडिओ लहरींना २बी, म्हणजे ‘कदाचित कर्करोगकारक’ या गटात ठेवले. त्या निर्णयाचा मुख्य आधार कानाला लावून वापरलेल्या मोबाइलवरचे अभ्यास होते. इतके जाणूनही एखाद्या घराला झोपेच्या खोलीत शांत रेडिओ हवा असेल तर ती त्या घराची निवड आहे. तिच्यासाठी सर्वांत खात्रीचा मार्ग पुढे येतोच : वीज तोडणे.

आता प्रत्यक्ष उपकरणांकडे. इथे सगळे रिमोटवर अडते. रिमोट अवरक्त किरणांचा असेल, म्हणजे जुन्या टीव्हीच्या रिमोटसारखा समोर रोखून दाबावा लागणारा असेल, तर बॉक्सला रिमोटसाठी रेडिओची गरजच नसते. पण स्टिक टीव्हीच्या मागे लपते आणि अवरक्त किरणांना समोरासमोरची वाट लागते. त्यामुळे स्टिकबरोबर येणारा रिमोट हमखास रेडिओवर चालतो. आवाजी शोधाच्या बटणालाही रेडिओच लागतो, कारण रिमोटमधल्या मायक्रोफोनचा आवाज बॉक्सपर्यंत न्यायचा असतो. कंपनीने रिमोट ज्या रेडिओवर बसवला, तो रेडिओ बंद करण्याचे बटण ती सहसा देत नाही. ग्राहकाच्या हातून रिमोटच मेला तर मदतकेंद्रावर येणाऱ्या तक्रारींना अंत राहणार नाही.

याचे ठळक उदाहरण अमेरिकेत घरोघरी असलेले रोकू. त्याचे साधे बॉक्स अवरक्त रिमोटवर चालतात. स्टिक आणि अल्ट्रासारखी वरची मॉडेल मात्र रिमोटशी वाय-फाय डायरेक्टने बोलत आली आहेत. अल्ट्राला लॅन पोर्ट आहे. केबल लावली आणि राउटरचे वाय-फाय विसरायला लावले, तरी यादीत त्याचे ‘DIRECT-’ जाळे दिसत राहते. बॉक्स राउटरच्या वाय-फायवर असताना त्याचा एकच रेडिओ दोन्ही कामे करतो, म्हणून हे खासगी जाळे सहसा राउटरच्याच चॅनेलवर बसते. केबल लावल्यावर ते बंधन उरत नाही आणि जाळे घरातल्या नेमक्या वापरातल्या चॅनेलवर किंवा त्याच्या कडेला येऊन बसू शकते. कडेला बसणे जास्त वाईट, कारण एकाच चॅनेलवरची उपकरणे एकमेकांचे ऐकून थांबतात, अर्धवट चढलेली थांबत नाहीत. रोकूच्या प्रगत सिस्टम सेटिंगमध्ये ‘डिव्हाइस कनेक्ट’ नावाचा पर्याय असेल तर तो बंद करावा; पडदा दाखवण्याची सोय ‘कधीच परवानगी नाही’वर ठेवावी; मोबाइल ॲपने नियंत्रणही बंद करता येते. या शेवटच्या पर्यायाने ८०६० क्रमांकाच्या पोर्टावरून येणारे आदेश थांबतात. हा सुरक्षिततेचा फायदा आहे, लहरींचा नव्हे. रिमोटच डायरेक्ट जाळ्यावर असेल तर ते जाळे तोडण्यासाठी आधी अवरक्त रिमोट लागतो, आणि त्यासाठी बॉक्सला अवरक्त ग्राहक असावा लागतो. स्टिकला तो नसतो.

फायर टीव्हीचा रिमोट ब्लूटूथवर चालतो. त्याच्या स्टिकसाठी मिळणारा ॲमेझॉनचा इथरनेट अडॅप्टर मायक्रो-यूएसबी पोर्टात बसतो. त्याचा वेग १०० मेगाबिटपर्यंतच असला तरी १५ मेगाबिटच्या चित्राला तो भरपूर आहे. केबल लागली की उपकरण वाय-फाय सोडून तारेवर येते. ब्लूटूथ मात्र जागेच राहते.

अँड्रॉइड टीव्ही आणि गूगल टीव्हीवर चालणारे बॉक्स या बाबतीत सर्वांत मोकळे. त्यांच्या नेटवर्क सेटिंगमध्ये वाय-फायचा सरळ चालू-बंद पर्याय असतो. त्याच पानावर ‘स्कॅनिंग नेहमी उपलब्ध’ असा दुसरा पर्याय दिसला तर तोही बंद करावा लागतो, नाहीतर वाय-फाय ‘बंद’ असतानाही बॉक्स स्थान ओळखण्यासाठी आजूबाजूची जाळी चाचपत राहतो. शाओमीच्या मी बॉक्स ४के ला लॅन पोर्ट नाही; त्याच्या एकमेव यूएसबी पोर्टात इथरनेट अडॅप्टर लावावा लागतो. २०१३ पासूनच्या जुन्या क्रोमकास्टला रिमोटच नव्हता, फोन हाच त्याचा रिमोट. त्यासाठी गूगलने लॅन पोर्ट असलेला वीज-अडॅप्टर विकला आणि २०१६ च्या क्रोमकास्ट अल्ट्राबरोबर तो डब्यातच दिला. २०२४ मध्ये क्रोमकास्टचे उत्पादन थांबले आणि त्याच्या जागी आलेल्या गूगल टीव्ही स्ट्रीमरला लॅन पोर्ट अंगचाच आहे.

अँड्रॉइडच्या जाणकारांमध्ये आणखी एक वाट प्रचलित आहे : बिल्ड क्रमांकावर सात वेळा दाबून डेव्हलपर पर्याय उघडायचे, एडीबी सुरू करायचे आणि संगणकावरून आदेश देऊन वाय-फाय बंद करायचे. वाट चालते, पण काम झाल्यावर एडीबी चालूच राहिले तर ५५५५ क्रमांकाचा पोर्ट उघडा राहतो. फेब्रुवारी २०१८ मध्ये पसरलेल्या एडीबी.मायनर या किड्याने असेच उघडे टीव्ही बॉक्स शोधून त्यांना आभासी चलन खणायला जुंपले होते. एक बीकन गप्प करण्यासाठी इतके मोठे दार उघडे ठेवणे हा वाईट सौदा आहे.

ॲपल टीव्हीत वाय-फायचे चालू-बंद बटण नाही. केबल लावली की तो आपोआप तारेवर जातो. २०२२ च्या ४के आवृत्तीत लॅन पोर्ट आणि थ्रेड फक्त १२८ जीबीच्या मॉडेलला आहेत. ६४ जीबीचे मॉडेल केवळ वाय-फायवर चालते, हे विकत घेतानाच पाहावे लागते. जवळच्या आयफोनने नेटवर्कविना थेट जोडले जाण्याची सोय ब्लूटूथ आणि थेट वाय-फाय या दोन्हींवर चालते, म्हणून केबल असतानाही लहरी दिसतात. एअरप्ले बंद केल्यावर ही वाट मिटते. सिरी रिमोट ब्लूटूथचा असला तरी बॉक्सला अवरक्त ग्राहक आहे आणि दुसरा रिमोट ‘शिकवून’ घेता येतो.

महाराष्ट्रातल्या बऱ्याच घरांत आज स्वतंत्र स्टिकऐवजी इंटरनेट किंवा डीटीएच कंपनीने दिलेला सेट-टॉप बॉक्स असतो. फायबरचा मोडेमही बहुधा हॉलमध्ये, टीव्हीच्या आसपासच बसवलेला असतो. बॉक्सला लॅन पोर्ट असेल तर दीड-दोन मीटरच्या केबलने काम भागते, तरी बसवणारा माणूस सवयीने वाय-फायवरच जोडून जातो. छत्रीवरून येणाऱ्या वाहिन्यांसाठी बॉक्स फक्त ग्रहण करतो, त्यातून काहीच बाहेर पडत नाही. अशा मिश्र बॉक्सचे वाय-फाय बंद केले तरी डीटीएच वाहिन्या दिसत राहतात.

रिमोटचा रेडिओ सोडायचाच असेल तर एचडीएमआय केबलमध्येच एक दुर्लक्षित वाट आहे. तिच्या १३ क्रमांकाच्या पिनवर सीईसी नावाची संदेशवाहिनी असते. टीव्हीचा स्वतःचा अवरक्त रिमोट टीव्हीला आदेश देतो आणि टीव्ही तो या पिनवरून बॉक्सकडे पोहोचवतो. सॅमसंगने तिला एनीनेट प्लस, एलजीने सिम्पलिंक आणि सोनीने ब्राव्हिया सिंक असे नाव दिल्याने ती एकच सोय आहे हे लवकर कळत नाही. बाण, ओके, मागे आणि चालू-थांब एवढे आदेश तिच्यावरून नीट जातात; आवाजी शोध आणि काही खास बटणे जात नाहीत. रेडिओ बंद करण्याआधी सीईसी चालू करून, बॉक्सच्या रिमोटचे सेल काढून, सगळा मेनू टीव्हीच्या रिमोटने फिरता येतो का हे पाहावे. हा क्रम उलटा झाला तर परत चालू करण्याची वाटही हाताशी राहत नाही.

केबलवर गेल्यावर फोनवरून कास्ट करणे बंद पडते, ही भीती बहुतेक वेळा अनाठायी ठरते. फोन वाय-फायवर आणि बॉक्स तारेवर असला तरी राउटर दोघांना एकाच घरगुती जाळ्यात धरतो. शोधाचे संदेश राउटर वाय-फायकडून तारेकडे पुढे पाठवत नसेल, किंवा फोन पाहुण्यांच्या जाळ्यावर असेल, तरच बॉक्स सापडत नाही.

उपकरण उघडून अँटेना काढणे, किंवा त्याला ॲल्युमिनियमच्या कागदात गुंडाळणे, हे उपाय टाळावेत. अँटेना काढल्याने वॉरंटी जाते. कागदात गुंडाळलेली स्टिक तापते आणि संथ होते. जोडणी टिकलीच तर क्षीण संकेतामुळे ती संथ वेगाने, पुन्हा पुन्हा तेच पाठवत हवा जास्त वेळ अडवते, म्हणजे हेतूच्या नेमके उलट घडते. उलट दिशेचा एक साधा उपाय मात्र उपयोगी आहे. एचडीएमआय आणि यूएसबी ३ यांच्या जोडण्या २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास गोंगाट करतात. यूएसबी ३ बद्दल इंटेलने २०१२ मध्येच सविस्तर लिहिले होते. स्टिक छोट्या एचडीएमआय वाढीव केबलने टीव्हीपासून थोडी दूर केली की रिमोट अडखळण्याची तक्रार अनेकदा मिटते, आणि लहरी बंद करण्याची गरजच उरत नाही.

खरेच काय बंद झाले हे सेटिंगच्या पडद्यावरून ठरत नाही. अँड्रॉइड फोनवर वाय-फाय ॲनालायझर प्रकारचे ॲप किंवा आयफोनवर ॲपलच्या एअरपोर्ट युटिलिटीतला स्कॅनर घेऊन बॉक्सशेजारी उभे राहावे. उणे ३० ते उणे ४५ डेसिबल-मिलिवॅट इतका जोरकस, नाव नसलेला किंवा ‘DIRECT-’ने सुरू होणारा संकेत दिसला की संशय बळावतो. खात्री मात्र बॉक्सची वीज काढूनच होते : मिनिटाभरात तोच संकेत यादीतून गेला आणि वीज दिल्यावर परत आला, तर तो त्याचाच. ब्लूटूथसाठी अशीच चाचणी ब्लूटूथ स्कॅनर ॲपने करता येते. राउटरच्या यादीत बॉक्स ‘वायर्ड’ दिसणे हा पुरावा फक्त पहिल्या पायरीचा आहे.

रिमोटच्या पॉवर बटणाने यांपैकी काहीच थांबत नाही. ते दाबल्यावर बॉक्स डुलकी घेतो; अद्ययावत होण्यासाठी आणि रिमोटच्या हाकेला ओ देण्यासाठी रेडिओ जागे राहतात. भारतीय घरांत भिंतीवरच्या बहुतेक सॉकेटला स्वतंत्र बटण असते, त्यामुळे रात्री पूर्ण शांतता हवी असेल तर ते बंद करणे पुरते. स्टिकला टीव्हीच्याच यूएसबी पोर्टातून वीज दिलेली असेल तर टीव्ही बंद झाल्यावर ती तुटते की नाही हे मॉडेलनुसार बदलते, म्हणून तिथे स्वतंत्र अडॅप्टर लावावा. रोज वीज तोडणाऱ्या घरात सुरक्षा-सुधारणा रात्री उतरत नाहीत; महिन्यातून एखाद्या वेळी बॉक्स काही तास चालू ठेवून त्या हाताने मागवाव्या लागतात. मोठी सुधारणा बसल्यावर किंवा फॅक्टरी रीसेट केल्यावर बंद केलेले पर्याय पुन्हा चालू झालेले असू शकतात, त्यामुळे स्कॅनरची चाचणी तेव्हा परत करावी लागते. रीसेटनंतरच्या पहिल्या जोडणीला अनेक बॉक्स मूळ रेडिओ रिमोटच मागतात, म्हणून तो सेलसह जपून ठेवावा.